हारविच (इंग्लंड) ते हुक ऑफ हॉलंड (नेदरलँड्स): रात्रीच्या फेरीने स्वतःची गाडी कोणी नेली आहे का?

लेस्टरकरीण:
मंडळी, ऑक्टोबरच्या सुट्टीत गाडी घेऊन नेदरलँड्सला जायचं चाललंय. आम्ही दोघं, लेक आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. सासूबाईंचं सामान बघता विमानाचा विषयच नको. हवामानखातं दिवसभर पाऊस म्हणतंय. घरून किती वाजता निघू? केबिन घ्यायलाच हवी का? आणि सासऱ्यांना गाडी लागते, मग बोट तर लागणारच ना?

माई_कोव्हेंट्री:
बोटीची काळजी सोड, रस्त्याची कर. आम्ही गेलो तेव्हा सकाळपासून धो धो. ए १४ हायवेवर फेलिक्स्टो बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग, आणि एकेक ओव्हरटेक करताना काचेवर अख्खी बादली उपडी. वायपर फुल स्पीडला, तरी क्षणभर पुढचं काही दिसायचं नाही. नवरा गप्प, मागच्या सीटवर माझ्या सासूबाईंची रामरक्षा. एरवी लेस्टरहून तीनेक तास लागतात, तू पाच धर. वारा जोरात असला तर इप्सविचजवळचा ऑरवेल ब्रिज कधीकधी बंद ठेवतात. तुला त्याच्या अलीकडेच ए १२ ला वळायचंय, पण तुंबलेला ट्रॅफिक मागे तुझ्यापर्यंत येतो.

फेरी रात्री अकराला सुटते, पण अकराला पोचून भागत नाही, चेक-इन त्याआधीच बंद होतं. उलट लवकर गेलीस तर लवकर आत सोडतात. पिवळ्या जॅकेटवाला हात दाखवेल त्या लेनमध्ये उभं राहायचं, मग खडखड करत लोखंडी रॅम्पवरून वर. आत डिझेलचा वास, ओली जमीन, गाड्या इतक्या खेटून की दार अर्धंच उघडतं. सासऱ्यांना आधी उतरव, मग गाडी कडेला घ्यायला सांग. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, अलार्म बंद करा. नाहीतर बोट हलली की अलार्म कोकलत बसतो.

बोट सुटली की गाड्यांचे डेक बंद. मधेच जाऊन काही आणता येत नाही. म्हणून रात्रीची पिशवी वेगळी भर: गोळ्या, पासपोर्ट, लेकीचे कपडे, कोरडे मोजे. मोजे विसरू नकोस. पार्किंगपासून जिन्यापर्यंतच पाय ओले होतात.

रात्रीच्या फेरीला केबिन घ्यावीच लागते, खुर्चीत बसून रात्र काढायची सोय नाही. आत बाथरूम, शॉवर, टॉवेल सगळं असतं. ह्या मार्गावरच्या दोन्ही बोटी (हॉलंडिका आणि ब्रिटानिका, २०१० च्या) २४० मीटर लांब आहेत, त्यामुळे छोट्या लाँचसारखं हेलकावत नाही. तरी बुकिंग करताना मधल्या भागातली केबिन मागून बघ, टोकाला जास्त हलतं.

नॉर्थसी_भटक्या:
माईंना अनुमोदन. फक्त गोळीचं सांगतो: बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची. आजोबांच्या बीपी वगैरेच्या गोळ्या चालू असतील तर फार्मसिस्टला विचारूनच. आणि भरपेट जेवून आडवं व्हायचं नाही. वर रूफ बॉक्स असेल तर बुकिंगमध्ये उंची त्याच्यासकट टाका. हेडलाइटवर स्टिकर लावा, नाहीतर तिकडे उजव्या बाजूने चालवताना समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो.

डच_सूनबाई:
बोट सकाळी आठला हुकला पोचते, पण ते आठ म्हणजे डच आठ. घड्याळ एक तास पुढे जातं, तेवढी झोप गेली समजायची. पासपोर्ट तपासणी हुकला उतरल्यावर होते, गाडीत बसूनच. सासू-सासऱ्यांचा शेंगेन व्हिसा आहे ना? ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा इकडे चालत नाही. आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पनीर, दही, तूप, काही नाही. २०२१ मध्ये ह्याच बंदरावर ड्रायव्हरांची हॅम सँडविचं काढून घेतली होती, टीव्हीवर दाखवलं होतं.

लेस्टरकरीण:
व्हिसा झालाय, केबिन आजच बुक करते. दुपारी तीनलाच निघू. तूप मात्र अवघड आहे. सासूबाईंनी बरणी कालच बॅगेत तळाशी, साडीत गुंडाळून ठेवलीय. ती बाहेर काढायला यांना पाठवते, आई त्यांची आहे.