आठवणी ‘चाळणे’ आणि आठवणी ‘चाळवणे’

‘जुन्या नाशकातल्या वाड्यापाशी गेलो आणि बालपणीच्या आठवणी चाळवल्या’ या वाक्यावर एका स्नेह्यांनी परवा आक्षेप घेतला. त्यांच्या मते आठवणी ‘चाळायच्या’ असतात आणि ‘चाळवणे’ हे क्रियापद केवळ वासनेच्या संदर्भातच शोभते. मला हे मान्य नाही.

दोन्ही क्रियापदे ‘हलणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘चल्’ धातूकडे, विशेषतः ‘चालयति’ म्हणजे ‘हलवतो’ या प्रयोजक रूपाकडे जातात. दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो आणि प्राकृतातल्या जोड ‘ल्ल’चा ‘ल’ उरतो. म्हणून ‘फल’चे फळ झाले, तर ‘फुल्ल’चे फूल, आणि ‘काल’चा काळ झाला, तर ‘कल्य’ – ‘कल्ल’ यातून कालचा दिवस आला. याच नियमाने ‘चल्ल’पासून आपले पायी ‘चालणे’ आले आणि ‘चाल’पासून ‘चाळणे’. एकाच धातूची ही दोन लेकरे इतकी वेगळी वाढली आहेत, की त्यांचे नाते सहसा लक्षातही येत नाही.

‘चाळणे’ हे हाताचे काम आहे. पीठ चाळतात, पुस्तकाची पाने चाळतात. पावसाळ्यापूर्वी कौलेही चाळतात: माणूस छपरावर चढतो, एकेक कौल उचलतो, खालचा पालापाचोळा झाडतो, फुटके कौल बाजूला ठेवतो आणि धडके पुन्हा बसवतो. जुना अल्बम घेऊन मुद्दाम बसणारा माणूस आठवणींचे हेच करतो, म्हणून तो त्या ‘चाळतो’.

‘चाळवणे’ मात्र असे ठरवून होत नाही. तान्हे बाळ पाळण्यात असताना आजी सुनेला सांगते, “भांडी हळू ठेव गं, त्याची झोप चाळवेल.” झोप मोडणे निराळे, चाळवलेल्या झोपेत बाळ कूस बदलते, ओठ हलवते, आणि पाळण्याला एक झोका दिला की पुन्हा निजते. फोडणीच्या वासाने भूक चाळवते तीही अशीच. आत काहीतरी निजलेले असते, बाहेरचा एखादा वास किंवा आवाज येतो आणि ते थोडेसे हलते. वासना चाळवणे हा याच अर्थाचा एक उपयोग आहे, संपूर्ण अर्थ नव्हे, आणि त्या एका उपयोगापायी इतके हळुवार क्रियापद आपण टाकून द्यावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘ढवळणे’ याहून जोरकस आहे. गोदावरीला पूर आला, की रामकुंडापाशी तळाचा गाळ वर येऊन पाणी गढूळ होते. मन ढवळून निघते तेव्हा तसे होते. वाड्याच्या दारात जुन्या लाकडाचा वास आला आणि मन क्षणभर हलले, एवढेच सांगायचे असेल, तर ‘आठवणी चाळवल्या’ हेच योग्य. त्याच वाड्याच्या माडीवर बसून जुनी पत्रे काढली असती, तर स्नेह्यांचे ‘चाळल्या’ मी आनंदाने स्वीकारले असते.