मदत हवी आहे: स्प्लेंडर की शाइन? शनिवारी बुकिंग करायचंय

रोजचा_प्रवासी: रोज 60 किमी रनिंग आहे. ॲव्हरेज चांगलं पाहिजे. स्प्लेंडर घेऊ की शाइन? दोन्ही शोरूमवाले आपलीच गाडी भारी म्हणतात. प्लीज लवकर सांगा.

चेनसेट: शाइन कोणती, 100 की 125? एकटे जाता की डबल सीट? रस्ता कसा आहे? बजेट?

तात्या_बारामती: डोळे झाकून स्प्लेंडर. माझी 2009 ची आहे, अजून इंजिन खोललेलं नाही. कुठल्याही गावात पार्ट मिळतो, टपरीवरचा मेकॅनिकसुद्धा काम करून देतो.

चेनसेट: तात्या, तुमची कार्ब्युरेटरची. एप्रिल 2020 पासून बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे नियम) आलं, आता कार्ब्युरेटरऐवजी सेन्सरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन आहे. सेन्सर गेला तर टपरीवर भागत नाही, स्कॅनर लागतो.

तात्या_बारामती: इंजिन तेच 97.2 सीसी आहे ना? ऑइल वेळेवर बदला, काही होत नाही.

गॅसवर_चालू: दोन्ही सोडा, बजाज फ्रीडम घ्या. 2 किलो सीएनजी, वर 2 लिटर पेट्रोल. मी सहा महिने चालवतोय, खर्च निम्म्यावर आला.

रोजचा_प्रवासी: सीएनजी नको, रांगेत थांबायला सकाळी वेळ नसतो. शाइन 125 बघतोय. सासवडहून निघतो, बायकोला मगरपट्ट्याला सोडतो, पुढे मुंढवा. संध्याकाळी दोघं परत.

चेनसेट: अहो, हे आधी सांगायचं! म्हणजे रोज दिवे घाट, तोही डबल सीट. सकाळी उतरायचा, संध्याकाळी दमलेले असताना चढायचा. पुढे भरलेला ट्रक आला की 100 सीसीला खालच्या गिअरवर रडत चढावं लागतं, ओव्हरटेकला दम राहत नाही. मग ॲव्हरेजही पडतं. 125 च घ्या, आणि पुढे डिस्क ब्रेक असलेलं मॉडेल. उतरताना गिअरमध्येच ठेवा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका.

तात्या_बारामती: आम्ही तिघं बसून जेजुरी केली आहे स्प्लेंडरवर.

चेनसेट: एकदा जाणं वेगळं, रोजचं वेगळं. हिशोब करा: महिन्याला 26 दिवस म्हणजे 1560 किमी. 60 च्या ॲव्हरेजला 26 लिटर, 50 ला 31. फरक पाच लिटरचा, साधारण 540 रुपये. तेवढ्यासाठी बायकोला मागे बसवून घाटात जीव टांगणीला लावू नका.

माउली_भक्त: पालखीच्या दिवसांत दिवे घाट गाड्यांना बंद असतो, तेव्हा बोपदेव घाटाने जा. तिथली चढण जास्त तीव्र आहे.

हिशोबनीस: कोटेशन कधीचं आहे? 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. जुन्या किमतीवर हप्ता ठरवू नका. ऑन-रोडमध्ये ॲक्सेसरीजचे पैसे घुसवलेत का तेही बघा.

रोजचा_प्रवासी: कोटेशन ऑगस्टचं आहे! उद्या नवीन मागतो. पण टेस्ट राइडला शोरूमच्या मागची सपाट गल्लीच देतात. घाटात कशी बघायची?

तात्या_बारामती: माझ्या भाच्याकडे शाइन 125 आहे, फुरसुंगीत राहतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संध्याकाळी दोघं या आणि घाट चढून बघा. माझं मत अजून स्प्लेंडरच.