मदत हवी आहे : कांदा निर्यातबंदीआधी केंद्राने राज्याला विचारावं, ही मागणी कायद्यात कुठे बसेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही निफाड तालुक्यातले कांदा उत्पादक ग्रामसभेत एक ठराव मांडणार आहोत. मसुदा माझ्याकडे आहे आणि घटनेच्या मुद्द्यावर गाडं अडलंय. जाणकारांनी वाट दाखवावी.

केंद्र आणि राज्यांचे विषय वाटून देणाऱ्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्य सूचीत आहे (नोंद १४), बाजारही राज्याकडेच (नोंद २८). लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समित्या राज्याच्याच १९६३ च्या कायद्याखाली चालतात. पण परदेशी व्यापार (नोंद ४१) आणि निर्यातशुल्क (नोंद ८३) केंद्र सूचीत. म्हणजे लिलावापर्यंत मुंबईचा अधिकार आणि भाव पाडायचा की नाही ते दिल्लीच्या हाती.

ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. डिसेंबरात आमच्याकडे लाल कांदा असतो. उन्हाळ कांद्यासारखा तो साठवणुकीच्या कांदाचाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. पण त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजायची? आणि ज्या राज्याचा शेती हा विषय, त्याच्या हाती फक्त दिल्लीला जाऊन विनंती करणं उरावं, हे मला पटत नाही.

आता माझी अडचण. केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या समवर्ती सूचीत, नोंद ३३ मध्ये, अन्नपदार्थांचा व्यापार येतो. तिचा आधार घ्यावा का? माझ्या मते नोंद ४१ पुढे ती टिकणार नाही, कारण कलम २४६ केंद्र सूचीला वरचढ ठेवतं. कलम १३१ खाली राज्य थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतं, पण तिथे कायदेशीर हक्काचा वाद लागतो. ‘आम्हाला विचारलं नाही’ एवढ्यावर तो उभा राहील का?

त्यापेक्षा केंद्र आणि राज्यांनी एकत्र बसून चर्चा करायची कलम २६३ ची आंतरराज्य परिषद मला जवळची वाटते. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाच्या शिफारशीनंतर १९९० मध्ये ती स्थापन झाली. राज्याने हा विषय तिथे मांडावा, अशी मागणी ठरावात करावी, की १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यातच सल्लामसलतीचं कलम घालायला सांगावं? दोन्ही एकाच ठरावात घातलं तर तो कमकुवत होईल का?

असा ठराव कुणी आधी केला असेल तर त्याची भाषा इथे द्या, फार उपकार होतील.