हॉल थ्रस्टरची स्वतःची लॅब: आधी काय शिकावं?

प्रश्न: विद्युत प्रणोदनात (विजेच्या जोरावर अंतराळयान ढकलणारी इंजिनं, हॉल थ्रस्टर त्यातलंच एक) पीएचडी चालू आहे. पुढे प्राध्यापक होऊन लॅब उभारायची, तर आत्ता कशावर हात बसवू?

प्लाझ्मावेडा: निर्वात कक्ष आणि पंप. थ्रस्टर चालू असताना दाब १०⁻⁵ टॉरच्या (टॉर हे दाबाचं एकक) घरात हवा. वाढला की कक्षातला झेनॉन (थ्रस्टरचा इंधनवायू) परत थ्रस्टरमध्ये शिरतो, आयनीभूत (विद्युतभारित) होतो आणि थ्रस्ट (ढकलण्याचा जोर) उगाच जास्त दिसतो. पेपर तपासणारे आधी तेच विचारतात.

शून्यबिंदू: थ्रस्ट स्टँडही, म्हणजे थ्रस्ट मोजायचं उपकरण. कॅलिब्रेशन निर्वातातच, चाचणीच्या आधी आणि नंतर, ज्ञात वजनांनी. तापल्यावर स्टँडच्या मापनाचं शून्य सरकतं.

प्लाझ्मावेडा: @शून्यबिंदू बरोबर. शिवाय सुरुवातीचा सगळा निधी कक्षात घालू नका. पंपांची देखभाल आणि झेनॉन दोन्ही महाग. झेनॉनऐवजी क्रिप्टॉन वायू स्वस्त, पण कार्यक्षमता सहसा कमी.