अलेक्सांदर जॉर्जेविच: अखेरची फेक स्वतः करणारा खेळाडू प्रशिक्षक म्हणून कसा घडला?

प्रश्न

१६ एप्रिल १९९२ रोजी इस्तंबूलमध्ये झालेल्या बास्केटबॉलच्या युरोपीय क्लब अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याचे चित्रण मी नुकतेच पुन्हा पाहिले. बेलग्रेडचा पार्टिझान संघ बादालोनाच्या जुव्हेन्तुत संघाविरुद्ध ६८-७० असा मागे होता. पार्टिझानच्या जॉर्जेविचने चेंडू स्वतःच पुढे नेला आणि अखेरच्या काही सेकंदांत, शरीर पुरते स्थिरही झालेले नसताना, तीन गुणांची फेक केली. पार्टिझानने सामना ७१-७० असा जिंकला.

त्या दिवशी पार्टिझानच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसलेला झेल्को ओब्रादोविच आदल्या वर्षापर्यंत जॉर्जेविचचाच सहकारी खेळाडू होता. १९८९ मध्ये दोघांनी मिळून कोराच चषक ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकली होती. ओब्रादोविच वयाच्या ३१ व्या वर्षी प्रशिक्षक झाला आणि पुढे पाच वेगवेगळ्या क्लबांना त्याने युरोपातील सर्वोच्च विजेतेपद एकूण नऊ वेळा मिळवून दिले. खेळाडू म्हणून जॉर्जेविच त्याच्यापेक्षा निर्विवाद मोठा, तरीही प्रशिक्षक म्हणून त्याचा जम बसायला बरीच वर्षे लागली. जे कौशल्य अंगात उपजत असते ते दुसऱ्याला शिकवणे अवघड जाते, असे यामागचे कारण असेल का? की परिस्थितीच वेगळी होती?

पहिले उत्तर

आपला प्रश्न योग्य आहे, परंतु ‘उपजत’ हा शब्द जॉर्जेविचला लागू करताना मी थोडा थांबेन. त्याचे वडील ब्रातिस्लाव्ह हे स्वतः प्रशिक्षक होते आणि त्यांनी बेलग्रेडच्याच त्स्रवेना झ्वेझ्दा संघाला मार्गदर्शन केले होते. ज्या घरात खेळाची आखणी हा रोजच्या बोलण्याचा विषय असतो तेथे वाढलेला मुलगा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ रचणारा खेळाडू, झाला, तर त्याच्या सहजतेमागे पुष्कळ शिकवण असणारच.

ओब्रादोविचशी तुलना करताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पहिल्या हंगामात त्याच्या पाठीशी सल्लागार म्हणून अलेक्सांदर निकोलिच होते, म्हणजे युगोस्लाव्ह बास्केटबॉलच्या शाळेचे आद्य गुरूच म्हणा, आणि मैदानावर जॉर्जेविच व दानिलोविच होते. युगोस्लाव्हियातील युद्धामुळे त्या संघाला घरचे जवळजवळ सर्व सामने माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा येथे खेळावे लागले, ही अडचण मोठी होती हे मान्य. तरीही शिकण्यासाठी याहून चांगली सोबत कोणाला मिळाली असेल, असे मला वाटत नाही.

जॉर्जेविचने मिलानो, बोलोन्या, बार्सेलोना, रेआल माद्रिद आणि पेझारो असा प्रवास केला. मध्ये पोर्टलँडकडून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे, केवळ आठ सामने खेळला. २००५ मध्ये त्याने खेळणे थांबवले आणि २००६ मध्ये तो ऑलिंपिया मिलानोचा प्रशिक्षक झाला, म्हणजे थेट एका मोठ्या आणि अधीर क्लबच्या मुख्य पदावर. २००७ मध्ये ती जबाबदारी संपली आणि पुढचा क्लब, त्रेव्हिझो, त्याला २०११ मध्ये मिळाला. तो कमी पडला यापेक्षा, उमेदवारी करण्याची संधीच त्याला मिळाली नाही, असे माझे मत आहे.

दुसरे उत्तर

मी काही वर्षे मुलांच्या संघाला शिकवले आहे, म्हणून एका बाबतीत प्रश्नकर्त्याशी सहमत आहे. खेळत असताना मला जी जागा दिसायची ती समोरच्या मुलाला का दिसत नाही, हे समजून घेण्यास मला फार वेळ लागला. सुरुवातीला मी चेंडू हातात घेऊन करून दाखवत असे, आणि त्यातून मुले माझे अनुकरण शिकत, खेळ शिकत नसत.

जॉर्जेविचने ही अडचण कशी ओलांडली ते सर्बियाच्या राष्ट्रीय संघाबरोबर दिसते. २०१३ च्या अखेरीस त्याने तो संघ हाती घेतला. २०१४ च्या विश्वचषकात सर्बियाने गटातील पाचपैकी तीन सामने गमावले आणि चौथ्या क्रमांकावरून कसाबसा पुढचा टप्पा गाठला. त्यानंतर मात्र गटात एकही सामना न हरलेल्या ग्रीसला त्यांनी हरवले. ज्या ब्राझीलकडून ७३-८१ अशी हार पत्करली होती त्याला ८४-५६ असे नमवले. आणि गटात एका गुणाने जिंकलेल्या फ्रान्सला उपांत्य फेरीत ९०-८५ असे मागे टाकले. त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, त्याच खेळाडूंसह, अवघ्या काही दिवसांत निकाल उलटवणे हे खरे प्रशिक्षकाचे काम आहे.

त्या संघात मिलोश तेओदोसिच होता. विलक्षण नजरेचा, धाडसी आणि चुकाही तितक्याच धाडसाने करणारा पॉइंट गार्ड. चूक झाली की अशा खेळाडूला बाकावर बसवण्याचा मोह कोणत्याही प्रशिक्षकाला होतो. जॉर्जेविचने चेंडू त्याच्याच हाती ठेवला. १९९२ ची ती फेक ज्याने स्वतः केली होती, त्यालाच हे धाडस ओळखता आले, असे मला मनापासून वाटते. म्हणजे त्याचा खेळाडूपणा येथे आड आला नाही, उपयोगीच पडला.

अंतिम सामन्यात अमेरिकेने १२९-९२ असे हरवले, हेही नोंदवले पाहिजे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गटात अमेरिकेविरुद्ध ९१-९४ अशी अटीतटीची लढत झाली आणि अंतिम सामन्यात पुन्हा ६६-९६ असा मोठा पराभव झाला. २०१७ च्या युरोपीय स्पर्धेत तर तेओदोसिच आणि निकोला योकिच हे दोघेही प्रमुख खेळाडू नसताना संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि स्लोव्हेनियाकडून ८५-९३ असा हरला. तिन्ही वेळा रौप्यपदक.

तिसरे उत्तर

राष्ट्रीय संघाबद्दलचे विवेचन पटले. क्लबच्या बाबतीत मात्र मी अधिक सावध राहीन. २०१८ मध्ये बायर्न म्युनिकबरोबर जर्मन चषक मिळाला, २०१९ मध्ये व्हिर्तुस बोलोन्याबरोबर चॅम्पियन्स लीग आणि २०२१ मध्ये इटलीचे विजेतेपद मिळाले. पुढच्या वर्षी फेनेरबाह्चेबरोबर तुर्की लीगही आली. व्हिर्तुसने त्याला एकदा पदावरून दूर करून लगेच परत बोलावले होते आणि त्याच हंगामात त्याने अंतिम मालिकेत मिलानोला ४-० असे हरवले. हे सर्व मोठे आहे, पण युरोलीग, म्हणजे युरोपातील क्लबांचे ते सर्वोच्च विजेतेपद, त्यात नाही, आणि ओब्रादोविचशी तुलना करायची तर मोजमाप तेच राहणार.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. दुसऱ्या उत्तरामुळे मला १९९५ च्या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना आठवला. युद्धकाळातील आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे तीन वर्षे बाहेर राहिलेला युगोस्लाव्ह संघ अथेन्समध्ये परतला होता आणि जॉर्जेविचने लिथुआनियाविरुद्ध ४१ गुण केले. पंचांच्या निर्णयांवर संतापून लिथुआनियाचा संघ खेळ थांबवून उभा राहिला, तेव्हा तो स्वतः त्यांच्याकडे गेला आणि सामना पूर्ण करण्याची त्याने त्यांना विनंती केली. आजवर मी त्या सामन्यातील केवळ फेकाच पाहत आलो होतो. खेळ सुरू असतानाच दोन्ही संघांचा विचार करणारा हा माणूस त्या दिवशीही तेथे होता, आणि माझ्या प्रश्नाचा बराचसा भाग मी तेथेच शोधायला हवा होता.