मोरोक्को: समुद्र आणि बर्बर गावं, मे महिन्यात सासूबाईंना घेऊन जमेल का?

वैशाली_धुळे
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघं मोरोक्कोला जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि सासूबाई. टूरवाल्यांकडून जेवढे कार्यक्रम आले त्या सगळ्यांत कासाब्लांका, फेस, मराकेश आणि वाळवंटात तंबूतली एक रात्र, एवढंच आहे. धुळ्याच्या उन्हातून निघून पुन्हा उन्हातच जायची आमची इच्छा नाही. मला समुद्र बघायचाय, आणि मुलीने बर्बर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांबद्दल वाचल्यापासून तिला त्यांची गावं बघायची आहेत. दोन्ही एकाच भागात होईल का? सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि गुडघ्यांचा त्रास आहे. कोणी स्वतः जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा.

भटकंती_नाशिक
पहिल्यांदाच जाताय तर मराकेश आणि सहारा सोडू नका, मेर्झूगाच्या वाळूच्या टेकड्या एकदा तरी बघाव्यात. किनाऱ्याची हौस असेल तर मराकेशहून एसाविराला सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. बसला साधारण तीन तास लागतात.

केळीबाग_यावल
वैशालीताई, एकाच भागात होतं आणि फार छान होतं. माझा भाचा कासाब्लांकात नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो तेव्हा आम्ही नवरा-बायको तिथून दक्षिणेला सूस भागात उतरलो. अगादीर, तिझ्नित, ताफ्राउत, सिदी इफ्नी, आणि वरच्या बाजूला एसाविरा. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला अँटी-अॅटलासचे डोंगर, आणि दोन्हीकडे वस्ती मुख्यतः ताशेलहित बोलणाऱ्या बर्बरांची. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, तुम्हीही तसंच म्हणा, त्यांना बरं वाटतं.

नाशिककरांचा सल्ला मला पटत नाही. एसाविराला जाऊन-येऊन केलं तर सहा तास बसमध्ये जातात आणि बंदर नीट बघायचं राहून जातं. निळ्या लाकडी होड्या, सार्डिनचे ढीग, जाळी शिवत बसलेली माणसं, तटावरच्या जुन्या तोफा, हे सावकाश बघायचं असतं. तिथे किमान दोन मुक्काम करा. गाव 1760 च्या दशकात सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दल्लाने आखून बांधलं, म्हणून फेससारखं गल्लीबोळात हरवायला होत नाही. सासूबाईंना चालायलाही सोपं.

उन्हाची काळजी सोडा. आपल्याकडे पारा 44-45 वर असतो तेव्हा अगादीरला दुपारी 24-25 असतं. तिथे कॅनरी नावाचा थंड प्रवाह किनाऱ्याजवळून वाहतो आणि खालचं गार पाणी वर येत राहतं. मासळी एवढी मिळते ती त्यामुळेच, आणि सकाळी धुकंही त्यामुळेच. पाणी मात्र मे महिन्यातही गार असतं आणि एसाविराला वारा दिवसभर थांबत नाही. पोहायचं तर अगादीरला, तिथला किनारा वळणात असल्याने लाटा नरम. सासूबाईंना लोकरीची शाल असू द्या.

अगादीरला जुनं गाव शोधू नका. 29 फेब्रुवारी 1960 च्या भूकंपात ते काही सेकंदांत जमीनदोस्त झालं, बारा हजारांवर माणसं गेली. आजचं शहर नंतर दक्षिणेला सरकवून बांधलेलं आहे. वर डोंगरावर जुन्या कसब्याचे, म्हणजे किल्ल्याचे तट आहेत, आता रोपवे आहे, संध्याकाळी जाऊन या.

अगादीरहून उत्तरेला तघाझूतकडे निघालात की आउरीर लागतं. आम्ही केळी उत्पादक, त्यामुळे मी तिथे गाडी थांबवलीच. रस्त्याला दुतर्फा केळीचे घड टांगलेले, वाण बुटका, फळ बोटाएवढं आणि गोड. ओढ्याच्या काठाने उघड्यावर बागा आहेत, पण सूसमधली मोठी लागवड प्लॅस्टिकखाली, शेडमध्ये, ठिबकवर आहे, कारण हिवाळ्यातल्या थंड रात्री आणि समुद्राचा वारा केळीला सोसत नाही. एका बागवानाने मला आत नेऊन नळ्या दाखवल्या. भाषा कळत नव्हती, पण पाणी किती खोल गेलंय हे त्याने हात जमिनीकडे नेत नेत दाखवलं ते लगेच कळलं. यावल-रावेरच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. तिथे आता श्तूका भागात समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प 2022 पासून सुरू आहे, पिण्यासाठी आणि शेतीसाठी दोन्ही. आणि सिदी इफ्नीच्या मागे बूत्मेझ्गिदा डोंगरावर धुक्यासमोर उभ्या जाळ्या लावल्यात. धुक्याचे थेंब जाळीवर धरतात, पन्हळीत उतरतात आणि नळाने खालच्या गावांना जातात. पूर्वी तिथल्या बायकांचा अर्धा दिवस पाणी आणण्यात जायचा. मुलीला हे नक्की सांगा.

आता आर्गन. हे काटेरी झाड मोरोक्कोत मुख्यतः याच भागात आहे, 1998 पासून युनेस्कोने हा सगळा टापू जीवावरण राखीव म्हणून धरलाय. हमरस्त्यावर शेळ्या झाडावर चढवून फोटोचे पैसे मागणारे भेटतील. शेळ्या मुळात फळासाठी आपणहून चढतात, पण ही मंडळी त्यांना दिवसभर फांदीवर ठेवतात, मला ते बघवलं नाही. थांबू नका. त्याऐवजी आतल्या गावातली बायकांची सहकारी संस्था बघा. मांडीजवळ एक सपाट दगड, त्यावर बी उभी धरायची, दुसऱ्या दगडाने टोकावर एकच घाव. कवच दोन फाकी होऊन पडतं आणि आतला बदामासारखा गर टोपलीत जातो. बोटं दगडाच्या इतकी जवळ की आमच्या मंडळींचा श्वास अडकला, त्या बाई मात्र शेजारणीशी बोलत होत्या. भाजलेला गर दगडी जात्यावर दळतात, तपकिरी लगदा येतो, त्यात थोडं थोडं कोमट पाणी घालून हाताने मळत राहायचं, मग तेल सुटतं. खायचं तेल भाजलेल्या गराचं, अंगाला लावायचं न भाजलेल्याचं. घेताना विचारून घ्या.

तिझ्नितला चांदीचे दागिने बघा. बायका ओढणी खांद्यावर धरायला त्रिकोणी चांदीचे मोठे पिन वापरतात, जोडीने, मध्ये साखळी. तिथून ताफ्राउतपर्यंतचा घाट फार सुंदर आहे, गुलाबी खडक आणि बदामाची झाडं. फुलोरा फेब्रुवारीत असतो, मे महिन्यात मिळणार नाही.

आणि पाट्या बघा, ताई. अरबी, फ्रेंच आणि अमाझिगांची तिफिनाघ लिपी. 2003 मध्ये ती लिपी शाळेत आली, 2011 च्या संविधानात अमाझिग भाषा राजभाषा झाली. त्याआधी ही घरातली, शेतातली बोली होती. सरकारी कामात तिला जागा नव्हती. तिझ्नितच्या नगरपालिकेवर ती अक्षरं बघताना मला आपली अहिराणी आठवली. आपल्या पोरांना घरी अहिराणी बोलायची लाज वाटू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिलं.

वैशाली_धुळे
दादा, मनापासून आभार. आमच्या घरीही सासूबाई सोडून कोणी अहिराणी बोलत नाही, मुलीला समजते पण ती उत्तर मराठीत देते. तुमचं वाचून दाखवलं, सासूबाई खूश आहेत. जेवणाचं मात्र सांगा. रोज ब्रेड-जॅम नको.

केळीबाग_यावल
उपाशी राहणार नाहीत. सकाळी बिसारा मागा, सुक्या फाव्याच्या शेंगांच्या दाण्यांचं दाट वरण, वर जिरं आणि ऑलिव्ह तेल. दुपारी मसूर किंवा पांढऱ्या राजम्याची उसळ सगळीकडे मिळते. झालूक नक्की घ्या, वांगं-टोमॅटो-लसूण-जिऱ्याचं, भरताच्या जवळ जाणारं, फक्त बामणोदच्या वांग्याची गोडी त्याला नाही. जोडीला गरम खोब्झ पाव. न्याहारीला अम्लू: बदाम, आर्गन तेल आणि मध वाटून केलेलं. आम्ही दोन बरण्या आणल्या.

एक जपा. भाज्यांचं कुसकुस (रव्याच्या वाफवलेल्या कण्या) आणि ताजीन (मातीच्या भांड्यात शिजवलेलं कालवण) नावाला भाज्यांचं असतं, पण रस्सा बऱ्याचदा मांसाचा असतो. नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही. "ब्ला ल्हम, ब्ला मरका द ल्हम" म्हणजे मांस नको, मांसाचा रस्साही नको, असं स्पष्ट सांगा. रियादमध्ये, म्हणजे चौकाच्या जुन्या घरातल्या अतिथीगृहात, सकाळीच सांगितलं तर संध्याकाळी वेगळं भांडं चढवतात. हरीरा सूपही विचारूनच.

सूर्यकन्या_जळगाव
बकरी ईद सध्या मे महिन्याच्या आसपास येते, तारखा आधी बघून घ्या. त्या दिवसांत हॉटेलं-दुकानं बंद असतात, लोक गावी जातात आणि बसला जागा मिळत नाही. तेव्हा अगादीरसारख्या मोठ्या ठिकाणीच मुक्काम ठेवा. व्हिसा ऑनलाइन मिळतो, सरकारी संकेतस्थळावरूनच अर्ज करा. दिऱ्हाम, म्हणजे तिथलं चलन, तिथे पोचल्यावरच घ्यायचे, इथून युरो न्या. मराकेशच्या दक्षिणेला रेल्वे नाही, बस किंवा गाडी.

वैशाली_धुळे
तारखा बघते. दादा, शेवटचं एक. मुलीला धान्याची ती डोंगरावरची सामाईक कोठारं बघायची आहेत. गुडघ्यांचं काय?

केळीबाग_यावल
अम्तूदीचं कोठार उभ्या कड्यावर आहे, तिथे तुम्ही तिघं चढा, सासूबाई खाली पाण्याकाठी बसतील. त्यांनाही आतून बघायचं असेल तर आइत बाहाजवळचं इम्शगिगिल्न करा, गाडी जवळपर्यंत जाते. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना मजल्यावर मजले खोल्या, एकेका कुटुंबाची एकेक, जव, तेल, खरेदीखतं, दागिने ठेवायला. वर जायला भिंतीतून बाहेर काढलेल्या सपाट दगडांच्या पायऱ्या, त्यांवर मुलीला धरून चढवा. दाराची कुलुपं आणि किल्ल्या लाकडाच्या. राखणदार गावातच राहतो, त्याला बोलावून आणावं लागतं, म्हणून अगादीरहून लवकर निघा. शुक्रवारची दुपार टाळा, तो नमाजाला गेलेला असतो.