मदत हवी आहे : थाई पद्धतीच्या चिकन रश्श्यात नारळाचं दूध फाटतंय
परभणीत कडाक्याची थंडी पडलीय. रविवारी आई-बाबांसाठी थाई पद्धतीचा दाटसर, झणझणीत चिकन रस्सा करायचाय. मागच्या वेळी नारळाचं दूध फाटलं, वर तेल अन् खाली चोथा. आईनं काही न बोलता खाल्लं, पण मला फार वाईट वाटलं.

कोंबडी गावरान आहे, शिजायला वेळ लागणारच. मग दूध अगदी शेवटी, मंद आचेवर घालू का? गवती चहा अंगणात आहे. पातीऐवजी खालचा पांढरा बुडखा ठेचून घालतात ना? गलांगल (थाई स्वयंपाकातला आल्यासारखा कंद) इथं मिळत नाही. आलं घालेन, पण त्याचा वास वेगळा. फिश सॉसऐवजी नुसतं मीठ पुरेल का? सोबत ज्वारीची भाकरी आहे, रस्सा पातळ नको. दाटपणासाठी लाल भोपळा कुणी घालून पाहिलाय का?